सोलापूरच्या ऋतूंसाठी रॉक

इंग्लंड-अमेरिकेच्या रॉक संगीतात सूर्याचे बहुधा स्वागतच होते. जॉर्ज हॅरिसन यांनी १९६९ च्या वसंतात, लांबलेला हिवाळा सरता सरता, गिटारवादक मित्र एरिक क्लॅप्टन यांच्या बागेत बसून लिहिलेले बीटल्सचे ‘हिअर कम्स द सन’ हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. एप्रिलच्या अखेरीस, पारा ४३ अंशांवर असताना, सोलापुरात भर दुपारी तेच गाणे लावले तर ती चेष्टा वाटते. सूर्य येत असल्याची बातमी त्या दिवसांत आपल्याकडे कोणालाही नको असते. म्हणून ऋतूनुसार रॉक निवडताना गाण्याच्या शब्दांवर फारसे विसंबू नये. त्याचा नाद, त्याची गती आणि दोन आघातांमध्ये सोडलेली मोकळी जागा पाहावी, असे माझे मत बनले आहे.

उन्हाळ्यासाठी माझी निवड ठरलेली आहे. कॅलिफोर्नियातील पाम डेझर्टच्या परिसरातील तरुण वादक रात्री जनरेटर घेऊन वाळवंटात जात आणि मित्रमंडळींसाठी उघड्यावर वाजवत. त्यांच्यापैकीच ‘कायस’ हा बँड. त्यातील गिटारवादक जॉश होमी गिटारच्या तारा नेहमीपेक्षा बऱ्याच खालच्या स्वरात लावत आणि तो आवाज बास गिटारच्या अँप्लिफायरमधून काढत, त्यामुळे त्याला एक जड, धुळकट घनपणा येतो. १९९२ च्या ‘ब्लूज फॉर द रेड सन’ या अल्बममध्ये तो सर्वत्र भरून राहिला आहे. उन्हाने शरीर मंदावलेले असताना भरधाव पंक रॉक ऐकणे मला सोसवत नाही. गच्चीवरची फरशी मध्यरात्रीपर्यंत गरम असते, तेव्हा हे सावकाश पुढे सरकणारे वादनच बरे वाटते. (जनरेटरची धडधड नव्या पेठेतील दुकानदारांनाही चांगलीच परिचित आहे, परंतु तिच्यातून कोणी बँड काढल्याचे अद्याप ऐकिवात नाही.)

मे महिन्यात एखाद्या सायंकाळी आकाश काळवंडते, धुळीचे लोट उठतात, विजा कडाडतात आणि वळीव पडून जातो. त्या अर्ध्या तासासाठी ब्लॅक सॅबाथचा पहिला अल्बम राखून ठेवावा. फेब्रुवारी १९७० मध्ये आलेल्या या अल्बमची सुरुवातच पाऊस, मेघगर्जना आणि दूरवरच्या घंटेच्या आवाजाने होते, आणि त्यानंतर येणारी गिटार वळवाइतकीच अंगावर येते.

मृगानंतरचे दिवस मात्र कठीण असतात. सोलापूर पर्जन्यछायेत असल्याने सह्याद्रीवर रिते झालेले ढग येथून नुसतेच पुढे सरकतात. मुंबई-कोकणातील मंडळी जूनमध्ये पावसाच्या गाण्यांच्या याद्या करू लागतात, तेव्हा आपण आभाळाकडे पाहत असतो. त्या काळात मी द डोअर्सचे १९७१ चे ‘रायडर्स ऑन द स्टॉर्म’ लावतो. त्यात पाऊस सतत पडत असतो, रे मँझारेक यांचा इलेक्ट्रिक पियानो त्या सरींतून ठिबकत राहतो आणि जिम मॉरिसन यांनी आपल्याच गायनाखाली कुजबुजीचा दुसरा थर दिला आहे. बाहेर कोरडे आणि कानात पाऊस, हा सोलापूरचा खरा जुलै.

आपला पाऊस मुख्यतः सप्टेंबरचा. ग्रीन डे या बँडच्या बिली जो आर्मस्ट्राँग यांनी सप्टेंबर १९८२ मध्ये गमावलेल्या वडिलांच्या आठवणीत ‘वेक मी अप व्हेन सप्टेंबर एंड्स’ लिहिले. गाणे उत्तम आहे, त्यातले दुःखही खरे आहे, परंतु आपल्या भागात सप्टेंबर झोपून घालवणे परवडणारे नाही, कारण रब्बी ज्वारीची सारी भिस्त त्याच ओलीवर असते. या महिन्याचे माझे गाणे म्हणजे लेड झेपेलिनचे ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’, म्हणजे ‘नदीचा बांध फुटतो तेव्हा’. मूळ गाणे कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी यांचे, १९२९ चे, आणि त्याचा विषय १९२७ चा मिसिसिपीचा महापूर. लेड झेपेलिनने १९७१ मध्ये ते नव्याने आणले, तेव्हा जॉन बॉनम यांचे ड्रम एका जुन्या वास्तूच्या उंच प्रवेशदालनात मांडून वर जिन्यावर मायक्रोफोन टांगले होते, म्हणून प्रत्येक ठोका दगडी भिंतींवरून फिरून येतो. मिसिसिपीच्या त्या पुरातले बरेचसे पाणी दूर वरच्या खोऱ्यातून आले होते. आपल्याकडेही पाऊस पुण्याच्या घाटमाथ्यावर कोसळतो, उजनीतून विसर्ग वाढतो आणि पंढरपुरात चंद्रभागा पात्राबाहेर येते. दुष्काळी जिल्ह्याला परक्या पावसाचा पूर भोगावा लागतो. हे ज्याने पाहिले आहे त्याला त्या ड्रमचा धाक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

ऑक्टोबर हीटबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ती एकसुरी असते, म्हणून तिच्यासाठी संगीतही एकसुरीच योग्य. जर्मनीतील ‘नॉय’ या जोडीच्या १९७२ च्या पहिल्या अल्बममधील ‘हालोगालो’ सुमारे दहा मिनिटे एकाच ठेक्यावर चालते. पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी राहणाऱ्यांना ते घरचेच वाटेल.

थंडी आपल्याकडे थोडी, परंतु तीच माझी सर्वांत आवडती. सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज निघतात आणि गड्डा, म्हणजे यात्रेची जत्रा, भरतो, तेव्हा शहराला स्वतःचाच आवाज पुरेसा असतो. त्या दिवसांत मी हेडफोनला हात लावत नाही. एरवी लेड झेपेलिनचा १९७० चा तिसरा अल्बम असतो. त्यातील काही गाण्यांची जुळवाजुळव जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी वेल्समधील वीज नसलेल्या एका घरात केली होती, त्यामुळे त्याच्या दुसऱ्या बाजूवर साध्या लाकडी गिटारींचे राज्य आहे. आगटीभोवती हुरडा आणि शेंगाचटणी खाताना फोनच्या लहानशा स्पीकरवरही ही गाणी पुरतात. हुरड्याला ट्रॉलीवरचा मोठा स्पीकर घेऊन येणाऱ्या मित्रांशी माझे यावरून दर वर्षी वाद होतात. त्यांच्या मते थंडी हा मेटलचा, म्हणजे जड, कर्कश रॉकचा ऋतू आहे. नॉर्वेत तसे असेलही. आपल्या जानेवारीत दुपारी अकरालाच स्वेटर काढावा लागतो.