तुम्ही विचारलंत म्हणून : सायरचं झालं तरी काय?

आमच्या टेबलावर नवीन आलेला प्रत्येक जण तिसऱ्या-चौथ्या शनिवारी मला गाठतोच. फासे पिशवीत गेलेले असतात, आणि दारात चपला घालता घालता तो हळूच विचारतो, "खरं सांग ना, मॉर्निंग कशामुळे झाली?" घरच्यांना वाटतं, सकाळ कशामुळे झाली असं विचारतोय. सकाळ नव्हे हो, शोक; आमच्या खेळातला सायर नावाचा देश एका दिवसात गेला, त्याचं हे नाव. डीएम मी, म्हणजे खेळ चालवणारा; उत्तर माझ्याकडेच असणार असा सगळ्यांचा समज.

एबेरॉन हे डंजन्स अँड ड्रॅगन्समधलं एक जग; डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे आपापलं पात्र घेऊन फाशांवर गोष्ट रंगवायचा खेळ. तो काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनं २००२ साली नव्या जगासाठी कल्पना मागवल्या, सुमारे ११,००० आल्या, त्यांतून कीथ बेकरची निवडली गेली. पुस्तक २००४ मध्ये आलं. त्या जगात राजा जारोट ८९४ साली मेला. रिवाजाप्रमाणे गादी त्याच्या मुलीची, सायरच्या मिशानची, पण तिघा भावंडांनी ते मानलं नाही. भाऊबंदकी मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. ही मात्र युद्ध होऊन १०२ वर्षं चालली, आणि सायर पडलं मधोमध. कुणीही कुणावर निघालं की तुडवलं जायचं सायर. त्यांनी भाड्यानं सैन्य आणलं, तर कुंपणानंच शेत खाल्लं : ९५६ साली एल्फांनी व्हॅलेनार तोडून घेतलं, ९६९ साली हारूकच्या हॉबगॉब्लिनांनी दारगून.

मग ९९४ सालच्या ओलारून महिन्याची २० तारीख. त्या एका दिवसात जवळजवळ अख्खा देश गेला. आता सीमेवर राखाडी धुक्याची भिंत आहे. आत प्रेतं कुजत नाहीत, जखमा भरत नाहीत, उपचारांचे मंत्र चालत नाहीत. कुणीतरी फेकलेले मंत्र जिवंत होऊन हिंडत असतात.

आमच्यातली एक जण सायरची निर्वासित शिंपीण खेळायची. तिनं आत जायचा हट्ट धरला. घर सापडलं. दारात बाप पडलेला, चार वर्षांनंतरही जसाच्या तसा, हातात अर्धी सोललेली काकडी. काकडी मी ऐन वेळी घुसडली होती. तिनं फासे बाजूला सरकवले आणि म्हणाली, "आज इथंच थांबू या." खेळताना मला आलेलं सगळ्यात मोठं यश ते हेच, असं मी आजही मानतो.

तर कारण काय? बेकरनं मुद्दाम दिलेलं नाही, ज्यानं त्यानं आपल्या टेबलावर ठरवावं म्हणून. आधी मला हा आळशीपणा वाटायचा. म्हणून पहिल्याच मोहिमेत, म्हणजे शनिवारमागून शनिवार चालणाऱ्या गोष्टीत, मी ठणकावून उत्तर देऊन टाकलं : हाऊस कॅनिथचा प्रयोग फसला. कॅनिथ म्हणजे वॉरफोर्ज्ड नावाचे जिवंत, बोलते सैनिक घडवणारं घराणं. उत्तर पटण्यासारखंच होतं.

तीन शनिवारांत सगळं कोसळलं. युद्ध थांबलं होतं ते कुणाला शहाणपण सुचलं म्हणून नव्हे. हे कुणी केलं, पुन्हा होईल का, पुढची पाळी आपली तर नाही, या धास्तीनं सगळे ९९६ मध्ये थ्रोनहोल्डच्या तहाला बसले. सायरला त्या तहात देश म्हणून जागासुद्धा मिळाली नाही. त्याच्या राजपुत्राकडे, ओआरगेवकडे, उरली ती शेजारच्या ब्रेलंड देशानं दिलेल्या जमिनीवरची निर्वासितांची वस्ती. मी कारण सांगितलं आणि धास्तीच काढून घेतली. अपघात होता, शस्त्र नव्हतं, असं कळल्यावर युद्धातल्या कार्नाथ देशानं हात आखडून का बसावं? माझे खेळाडू बातमी घेऊन दरबारोदरबारी फिरले, सैन्यं निघाली, आणि आम्ही महिनाभर नुसते नकाशावर सोंगट्या सरकवत बसलो. वॉरफोर्ज्ड खेळणाऱ्या मित्रानं एकदाच विचारलं, "मला घडवणाऱ्यांनीच केलं म्हणतोस, मग मी आता काय करू?" मला काही सुचलं नाही. मोहीम तिथंच मेली.

त्यानंतर अफवा मात्र मी हव्या तेवढ्या देतो. थ्रेन देशाचा पुजारी म्हणतो पापाचं फळ, सायरचा म्हातारा शिपाई म्हणतो आमचंच शस्त्र आमच्याच हातात फुटलं. दोघंही शपथेवर सांगतात.

तुम्हाला तुमच्या टेबलावर उत्तर द्यायचंच असेल तर खुशाल द्या. फक्त त्याआधी दुसऱ्या दिवशी कार्नाथचा राजा काय करेल, ते वहीत लिहून ठेवा. मी ठेवलं नव्हतं.