वर भट्टी, खाली गारठा: पोटमाळ्याच्या केबिनमधल्या तीन रात्री

पहिल्या रात्री दोन वाजता भाची घामाघूम होऊन शिडीवरून खाली उतरली. मी खालच्या बाकावर दोन-दोन पायमोजे चढवून, पांघरुणात गुरफटून जागाच होतो. केबिन एवढीशी. खाली एकच खोली, कोपऱ्यात लाकडावर चालणारी लोखंडी शेगडी, तिच्या शेजारून वर जाणारी शिडी आणि उतरत्या छपराखाली झोपायचा पोटमाळा. सोबत नेलेला थर्मामीटर जमिनीलगत १२ अंश दाखवत होता आणि वर उशीपाशी २९. मधे अंतर जेमतेम अडीच मीटर.

ताईने वरची खिडकी उघडली. कुणीही तेच केलं असतं. वर गार वाटायला लागलं, पण माझ्या घोट्यांना एकदम वारा झोंबू लागला. पातळ कागदाची एक पट्टी फाडून दाराच्या खालच्या फटीशी धरली, तर ती सरळ आडवी होऊन आतल्या बाजूला फडफडत होती. गरम हवा वरून बाहेर पडली की तेवढीच गार हवा खालच्या फटींतून आत ओढली जाते. म्हणजे वरची खिडकी उघडून आम्ही अख्ख्या केबिनचंच धुराडं केलं होतं.

एवढ्यावर भागलं नाही. तासाभराने आग निखाऱ्यांवर आली आणि खोलीत धुराचा वास यायला लागला. आग मंदावली की धुराड्याची ओढ कमी होते, आणि वरची उघडी खिडकी त्याच्यापेक्षा जोरात ओढायला लागली की धूर उलटा खोलीत येतो. धुराला वास होता म्हणून कळलं तरी. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंगही नसतो. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर ही त्याची लक्षणं, पण झोपलेल्या माणसाला ती कळतच नाहीत. आम्ही दार सताड उघडलं, तिघंही बाहेर आलो, आणि नंतर उजाडेपर्यंत कुणी झोपलं नाही. भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म होता. त्याचं बटण दाबून पाहिलं तर आवाजच नाही, आत बॅटरीच नव्हती. जे कुणी अशा केबिनमध्ये राहायला जाणार आहेत त्यांनी स्वतःचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म सोबत न्यावा, ही माझी कळकळीची विनंती. शक्यतो दोन न्या, एक खाली आणि एक माळ्यावर झोपतो तिथे. धुराचा अलार्म वेगळा असतो, तोही माळ्यावर हवाच, कारण धूर आधी तिथेच साचतो.

दुसऱ्या दिवशी अलार्ममध्ये बॅटरी घातली आणि मग गार हवेच्या वाटा शोधल्या. दाराखाली घोंगडीची गुंडाळी दाबून बसवली, खिडकीच्या चौकटीतल्या फटीत कापडाच्या पट्ट्या कोंबल्या. शेगडीला हवा देणारी भिंतीतली झरोकेवजा जाळी मात्र मोकळीच ठेवली. ती बुजवायची नाही, कितीही गार लागलं तरी. आगीला हवा लागतेच, ती मिळाली नाही तर धुराड्यातून उलटी येईल.

मग छोटा पंखा. आधी तो शेगडीच्या बरोबर वर, माळ्याच्या कठड्याला खालच्या दिशेने बांधला. फरक पडेना. तिथे गरम हवा जोरात वर चढत असते, तिच्याशी झुंजण्यात पंखा वाया जातो. तोच पंखा कठड्याच्या दुसऱ्या टोकाला, शेगडीपासून सगळ्यात लांब नेला आणि अगदी मंद गतीवर खाली वळवला. थंडावलेली हवा त्या बाजूनेच आपोआप खाली उतरते, तिला नुसता हात दिला. अर्ध्या तासात खाली १८ आणि वर २३. लाकडं तेवढीच. शेगडीवर ठेवायचा, तिच्याच उष्णतेवर फिरणारा पंखाही तिथे होता. तो हवा आडवी फेकतो, माळ्यावर साचलेली ऊब खाली आणत नाही.

आगीची रीतही बदलली. पहिल्या रात्री आम्ही शेगडी ठासून भरली होती आणि तिची हवेची झडप जवळजवळ बंद केली होती, रात्रभर पुरावी म्हणून. अशी घुसमटलेली आग ऊब कमी देते आणि धुराड्यात डांबरासारखी काजळी धरते. तीच पुढे पेट घेते. त्यापेक्षा चिरलेली दोन-तीन वाळकी लाकडं, झडप उघडी आणि ज्वाळा चांगली धगधगती. लाकडात ओल २० टक्क्यांहून कमी हवी. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज येतो, ओली लाकडं बद्द वाजतात. झोपण्याआधी तास-दीड तास नवीन लाकूड घालणं थांबवलं, म्हणजे माळा भट्टी होत नाही. नंतर ऊब टिकवायला आत तेल भरलेला विजेवरचा रेडिएटर खाली लावला, थेट भिंतीतल्या सॉकेटला. एक्स्टेंशन बोर्डावर हीटर लावू नका, वायर तापते.

कोपऱ्यात धुराडं नसलेला गॅस हीटरही होता, त्याला आम्ही हात लावला नाही. एक किलो गॅस जळताना दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात खोलीत सोडतो. ते छपराच्या आतल्या बाजूला थेंब होऊन उशीवर टपकतं, आणि जळलेला धूरही आतच राहतो. अशा बंद जागेत तो लावून झोपणं धोक्याचं आहे. कोळशाची शेगडी तर आत आणूच नका.

माळ्यावर झोपणाऱ्यांनी पहिल्याच संध्याकाळी आणखी एक गोष्ट करून बघावी. आमची शिडी शेगडीला लागून होती, म्हणजे आग लागली तर उतरायची वाट आगीतूनच. वरची खिडकी आतून पूर्ण उघडते का, तिच्यातून माणूस बाहेर पडू शकतो का, हे आम्ही भाचीला प्रत्यक्ष करायला लावलं. बिजागरी गंजलेली होती. तेल घालून सैल केली. शिडीवर वाळत घातलेले कपडेही काढले. पेटत्या शेगडीपासून जळण्यासारखं काहीही मीटरभर लांब हवं.

तिसरी रात्र तिघंही सलग झोपलो. सकाळी निघताना राख भरायला घेतली. हात वर धरला तर गार लागत होती. ताईने चिमट्याने ती उकरली, तर मधे हरभऱ्याएवढा निखारा लालबुंद. झाकणाच्या लोखंडी बादलीत राख घेतली, पाणी ओतलं, पुन्हा ढवळली, पुन्हा ओतलं, आणि बादली लाकडी ओट्यावर न ठेवता लांब मोकळ्या मातीवर नेऊन ठेवली.