सहा खेळाडू आणि न झालेला तिसरा गोल

गेली अकरा वर्षे मी फुटबॉलचा पंच म्हणून काम करीत आहे आणि माझे बहुतेक सामने खालच्या गटांचे असतात. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर वरिष्ठ गटातील १६ संघांची लीग सुरू झाली की पाटाकडील, शिवाजी, प्रॅक्टिस, खंडोबा या संघांमागे आख्ख्या पेठा गॅलरीत येऊन बसतात. खालच्या गटाच्या सामन्याला खेळाडूंचे भाऊ, दोन-चार जुने खेळाडू आणि सायकल टेकवून थांबलेली शाळेची मुले एवढेच प्रेक्षक. पण शेवटच्या फेरीत इथे जे पणाला लागते ते मोठेच असते. गटातले पहिले दोन संघ वर जातात. जो संघ थोडक्यात राहतो त्याची चांगली मुले पुढच्या हंगामात दुसऱ्या संघाकडून खेळतात, आणि मग तो संघ पुन्हा उभा करायला तीन-चार वर्षे जातात.

ज्या दिवसाबद्दल लिहीत आहे तो अशाच एका लीगचा शेवटचा दिवस होता. गट आठ संघांचा, प्रत्येकाचे सात सामने. पहिला क्रमांक आधीच ठरला होता. प्रश्न दुसऱ्याचा होता. निळ्या जर्सीच्या संघाने दुपारी दोनचा सामना जिंकून १४ गुण आणि अधिक ६ असा गोलफरक (मारलेल्या गोलांमधून खाल्लेले गोल वजा) गाठला. त्याच मैदानावर चार वाजता पिवळा संघ उतरणार होता. त्याचे ११ गुण होते आणि गोलफरक अधिक ४. दोन गोलांनी जिंकला असता तर गुणांची आणि गोलफरकाचीही बरोबरी होऊन एकूण गोल जास्त असलेला निळा संघ वर गेला असता. म्हणजे पिवळ्यांना तीन गोलांच्या फरकाने जिंकणे भाग होते, आणि हे त्यांना मैदानात उतरण्यापूर्वीच ठाऊक होते. १९८२ च्या विश्वचषकात गिहोन येथे पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांना नेमका कोणता निकाल पुरेसा आहे हे आधीच माहीत होते, त्यात अल्जीरिया बाहेर पडला, आणि १९८६ पासून गटातील शेवटचे सामने एकाच वेळी खेळवले जाऊ लागले. आमच्याकडे मैदान एकच, पंचांची फळीही एकच. त्यामुळे हे शहाणपण खालच्या गटांपर्यंत अजून आलेले नाही.

पिवळ्यांचा प्रतिस्पर्धी संघ तळाचा होता आणि आठच खेळाडू घेऊन आला होता. बाकीची मुले एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला गेली होती. मी ओळखपत्रे तपासली, जाळीला पडलेले भोक सुतळीने बांधून घेतले, पुसट झालेल्या पेनल्टी क्षेत्रावर पुन्हा फक्की मारायला लावली आणि सामना सुरू केला. नियम ३ प्रमाणे सात खेळाडू असले की सामना सुरू करता येतो.

मध्यंतराला १–०. उत्तरार्धात दुसरा गोल झाला आणि थोड्याच वेळात तळाच्या संघाचा एक खेळाडू घोटा मुरगळून बाहेर बसला. उरले सात. ६८ व्या मिनिटाला कॉर्नरवर दोन डोकी एकमेकांवर आदळली आणि त्या संघाच्या कर्णधाराची भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरून गालावरून जर्सीवर येत होते. रक्त वाहत असलेल्या खेळाडूला मैदानाबाहेर जावेच लागते आणि ते थांबल्याची पंचाची खात्री पटेपर्यंत त्याला आत घेता येत नाही. मी त्याला बाहेर पाठवले आणि मैदानात त्यांचे सहा जण राहिले. सातपेक्षा कमी खेळाडूंवर सामना पुढे चालवता येत नाही, म्हणून खेळ थांबवला.

मी घड्याळ पाहत थांबलो. पिवळ्यांचा कर्णधार हात जोडून म्हणत होता, “सर, अजून पाच मिनिटं द्या.” जखमी मुलगा कपाळाला रुमाल दाबून रेषेवर उभा होता. दोनदा त्याने रुमाल काढून दाखवला. “थांबलंय बघा सर, घ्या की आत.” दोन्ही वेळा भुवईच्या टोकाला रक्ताचा थेंब पुन्हा जमा झाला. दोन्ही संघांना खेळायचे होते आणि एकट्या मला ते थांबवायचे होते. बारा मिनिटांनंतर मी लांब शिटी वाजवून सामना सोडून दिला, तेव्हा गॅलरीत बसलेल्या निळ्या संघाच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. २–० म्हणजे आपणच वर गेलो, असा त्यांचा समज झाला होता.

तो खरा ठरला नाही. फुटबॉलच्या नियमावलीप्रमाणे सोडून दिलेला सामना पुन्हा खेळवायचा असतो, मात्र स्पर्धेचे नियम वेगळे सांगत असतील तर ते लागू होतात. आणि या लीगच्या नियमपुस्तिकेत संघ अपुरा पडल्यास प्रतिस्पर्ध्याला ३–० असा विजय द्यावा असे कलम आहे. आठ दिवसांनी समितीने तेच लावले. पिवळ्यांचा गोलफरक अधिक ७ झाला आणि ते वर गेले, कोणीही न मारलेल्या तिसऱ्या गोलावर. २०२५ मध्ये आय-लीग या राष्ट्रीय फुटबॉल लीगचा शेवटही टेबलावरच झाला होता: सामने एप्रिलमध्ये संपले, पण अपात्र खेळाडूंच्या वादात विजेता कोण हे लोझानच्या क्रीडा लवादाने १८ जुलैला ठरवले आणि गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सऐवजी इंटर काशी विजेते झाले. तिथे निदान नियमभंगाचा प्रश्न होता. इथे एका मुलाची भुवई फाटली होती एवढेच.

समितीचा निर्णय नियमाला धरून होता आणि माझाही होता, असे मी आजही म्हणतो. पण बहाल केलेल्या गोलांनी बढती ठरू नये, हे माझे ठाम मत आहे. अशी वेळ आली तर समान गुणांच्या दोन संघांमध्ये निर्णायक सामना घ्यावा, एवढेच मी संघटनेला वेगळ्या पत्राने लिहिले. सामन्याच्या अहवालात मात्र जे पाहिले तेच लिहिले: मिनिट, खेळाडूचा क्रमांक, जखम, किती वेळ थांबलो. कारण तोपर्यंत कुजबुज सुरू झाली होती की तळाच्या संघाने मुद्दाम माणसे कमी केली. नियमातही हा फरक आहे. खेळाडू जाणूनबुजून बाहेर गेला असेल तर पंचाला खेळ लगेच थांबवण्याचे बंधन नसते, चेंडू बाहेर जाईपर्यंत तो चालू ठेवता येतो.

सामन्याच्या रात्री साडेदहाला जखमी कर्णधाराचा फोन आला. चार टाके पडले होते आणि सकाळी पहिल्या पाळीला जायचे होते. निकालाचे त्याने काही विचारले नाही.

“सर, मी आपणहून बाहेर गेलो नाही, असं लिहिलंय ना तुम्ही?”

लिहिले आहे, असे मी सांगितले. त्याने ते वाक्य वाचून दाखवायला लावले, आणि मी वाचून दाखवले.