अंगणावरचे छत, नोंद सातवी: सकाळी सैल पडणाऱ्या जाळीचा उलगडा

गेले पाच आठवडे ज्या एका गोष्टीने मला हैराण केले होते, तिचे कारण गेल्या रविवारी सापडले, म्हणून महिनाअखेरीची वाट न पाहता ही नोंद आत्ताच लिहीत आहे. माझी लहानशी कुत्री बुंदी हिला घारींपासून वाचवण्यासाठी मी अंगणावर हुक आणि पाइप यांच्या आधाराने नायलॉनची जाळी टांगली आहे. संध्याकाळी टर्नबकल (दोरी ताणायचे स्क्रू) फिरवून ढोलकीच्या पुडीसारखी ताणलेली ही जाळी सकाळी सहा वाजता मधोमध चार-पाच बोटे खाली आलेली असायची आणि दुपारी बारापर्यंत, कोणी हात न लावता, पुन्हा ताठ झालेली असायची. जाळी, हुक, भिंत आणि पाइप या सगळ्यांवर मी आळीपाळीने संशय घेतला, आणि त्यापायी एवढा वेळ आणि बराच खर्च गेला.

हा सैलपणा दिसायला वाईट एवढीच माझी तक्रार नव्हती. २२ फेब्रुवारीला पहाटे बुंदी उंबऱ्यावरूनच भुंकू लागली आणि काही केल्या अंगणात उतरेना. बाहेर जाऊन पाहते तर जाळीच्या झोळात एक घार डाव्या पंखाने अडकून लोंबकळत होती. काळपट तपकिरी अंगावर फिकट ठिपके होते, म्हणजे ते याच हंगामातले पिल्लू होते. जाळीचा एक आस, म्हणजे विणीतले एक घर, पंखाच्या पुढच्या कडेच्या कातडीत रुतला होता आणि प्रत्येक फडफडीबरोबर आणखी आत जात होता. ताणलेल्या जाळीवर पक्षी आपटला तर उसळून बाजूला जातो. सैल जाळी मात्र त्याच्याभोवती गुंडाळली जाते, हे मी वाचलेले होते, पण त्या सकाळी ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होते. मी तिच्या डोक्यावर टॉवेल टाकला, तशी ती लगेच शांत झाली. धागा न ओढता शिवणाच्या कात्रीने भोवतालची जाळी कापली, रुतलेला तुकडा तसाच राहू दिला आणि भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून तिला पक्षी वाचवणाऱ्या कार्यकर्त्यांकडे पोहोचवले. नऊ दिवसांनी तिला पुन्हा उडवण्यात आले. जानेवारीत घारीच्या नखाने बुंदीची भुवई फाटली, त्या दिवशी मी जितकी हादरले होते, तितकीच त्या सकाळीही हादरले. बुंदीला वाचवण्यासाठी टांगलेल्या वस्तूने दुसऱ्या जिवाचा पंख तुटावा, हे मला कदापि मान्य होणार नाही.

लहान कुत्री पाळणाऱ्या मैत्रिणी मला नेहमी विचारतात की घार खरोखरच कुत्रे उचलून नेते का. आपल्याकडची घार साधारण पाऊण किलोच्या आसपास भरते आणि स्वतःपेक्षा जड भक्ष्य घेऊन उडणे तिला जमत नाही. बुंदीचे वजन १.९ किलो आहे, तेव्हा तिला कोणी उचलून नेण्याची भीती नाही. भीती आहे ती झडपेची. आमच्या मुंबईतल्या मढच्या गल्लीत वलांडीवर, म्हणजे मासे सुकवायच्या मांडवावर, बोंबील वाळत असतात, घारी दिवसभर त्यांच्यावर घिरट्या घालतात, आणि बुंदीने तोंडात सुकटीचा तुकडा धरला की घारीच्या दृष्टीने ती वलांडीचाच एक भाग होते. घार झेपावते ती माशावर, पण नखे बसतात ती डोळ्यांजवळ. शिवाय शेजारच्या वाडीतल्या माडावर घारीचे घरटे आहे. अंडी उबवायला सुमारे महिना आणि पिल्ले उडायला पुढे सहा ते आठ आठवडे, एवढा काळ ती जोडी कमालीची आक्रमक असते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली घारीला संरक्षण आहे आणि तसा कायदा नसता तरी ते घरटे काढण्याचा विचार माझ्या मनात आला नसता.

आता मूळ प्रश्नाकडे येते. आधी मला वाटले की भिंतीतले अँकर फास्टनर (हुक पकडून ठेवणारे खिळे) सरकत आहेत, म्हणून सहाच्या सहा काढून लांब आकाराचे बसवले. फरक पडला नाही. मग टर्नबकल आपोआप उलटे फिरत असतील म्हणून त्यांना तार गुंडाळून जखडले. त्या वेळी लक्षात आले की स्टेनलेस म्हणून विकत घेतलेले चार टर्नबकल दीड महिन्यात तांबूस झाले होते. दुकानदाराने लोहचुंबक लावून दाखवला होता आणि तो चिकटला नव्हता, एवढ्यावर मी विश्वास ठेवला. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी ही परीक्षा पुरेशी मानू नये, कारण स्वस्तातले २०२ ग्रेडचे स्टीलही सहसा चुंबकाला चिकटत नाही, पण खाऱ्या हवेत ते गंजते. आमच्यासारख्या ठिकाणी ३१६ ग्रेडच घ्यावा आणि बिलावर ग्रेड लिहून मागावा. नवे टर्नबकल आले, गंज थांबला, जाळी मात्र सकाळी पूर्वीसारखीच खाली.

रविवारी शेजारचे नाखवा काका सुकटीची पाटी द्यायला आले असताना मी शिडीवर उभी राहून झोळ मोजत होते. त्यांनी जाळीचा धागा दोन बोटांत धरून चोळला, ओठांना लावला आणि म्हणाले, "नायलान पानी पितं ताई, दवानं लांबतं." एवढेच बोलून ते निघून गेले. मी त्याच दुपारी जाळीच्या कडेची नायलॉनची दोरी आणि काकांकडून मागून आणलेली हाय डेन्सिटीची (पॉलिथिन या प्लॅस्टिकची) दोरी, असे दहा-दहा फुटांचे दोन तुकडे पडवीच्या तुळईला टांगले, दोन्हींच्या टोकांना एकेक वीट बांधली, भिंतीवर पेन्सिलने खुणा केल्या आणि दोन्हींवर पाणी शिंपडत राहिले. तासाभरात नायलॉनची वीट खुणेच्या खाली उतरली होती आणि दुसरी वीट जागची हललेली नव्हती. पेन्सिलच्या त्या दोन खुणांकडे मी किती वेळ पाहत बसले ते मला सांगता येणार नाही.

पण दवाने दोरी अशी कितीशी लांबणार, हा प्रश्न तरीही उरत होता, म्हणून मी गणित मांडून पाहिले. दोन टोकांना घट्ट बांधलेल्या १४ फुटांच्या दोरीची लांबी केवळ पाव इंचाने वाढली, तरी तिला मधोमध चार इंचांचा झोळ पडतो. लांबीतली वाढ डोळ्याला दिसणारही नाही एवढी असते आणि झोळ मात्र हातभर अंतरावरून दिसतो. माझी पाच आठवड्यांची दिशाभूल इथेच झाली, कारण झोळ मोठा आहे म्हणजे काहीतरी मोठे सरकले असणार, असे मी गृहीत धरले होते. फेब्रुवारीत खाडीकडून येणारे दव पहाटे जाळीवर बसते, दहानंतर उन्हाने ते सुकते, आणि सगळ्यात सैल वेळ नेमकी पहाटेची, म्हणजे मासळीच्या होड्या लागतात आणि घारी खाली उतरतात तीच.

रविवारी रात्री मी ठरवले होते की तशीच दोन इंची आसाची, पण हाय डेन्सिटीची जाळी आणायची. सोमवारी सकाळी तो विचार बदलला. जाळी ताठ राहिली तरी आस मोठा तो मोठाच, आणि आमच्या चिकूवर रात्री वटवाघळे येतात. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात सप्टेंबर २०२१ पासून घरगुती फळझाडांवरच्या जाळीचा आस पूर्ण ताणलेल्या स्थितीत ५ मिलिमीटरपेक्षा मोठा नसावा असा नियम आहे, आणि तो अडकून मरणाऱ्या प्राण्यांसाठीच केलेला आहे. बोट आत जात नाही इतकी बारीक जाळी हा त्याचा सोपा अर्थ. पण २२ बाय १४ फुटांच्या अंगणावर इतकी बारीक जाळी ताणली, तर जूनमधल्या पहिल्याच वाऱ्यात ती शिडासारखी फुगेल, चिकूची पाने आणि पाणी साठून खाली येईल आणि सोबत भिंतीतले हुकही घेऊन येईल. मोठ्या आसात पक्षी अडकतो आणि बारीक आसात पावसाळा अडकतो, म्हणून आता जाळीच नको, या निष्कर्षावर मी आले आहे.

त्याऐवजी नऊ-नऊ इंचांवर समांतर दोऱ्या बांधायच्या. घारीचा पंखविस्तार दीड मीटरच्या जवळपास असतो. नऊ इंचांच्या फटीतून पंख मिटून ती कदाचित खाली येऊ शकेल, पण पंख उघडून वर जाता येणार नाही अशा जागेत ती सहसा शिरत नाही, असा माझा अंदाज आहे. दोरी मात्र जाड आणि ठळक दिसणारी हवी. बारीक तंगूस (मासे पकडायचा पारदर्शक धागा) किंवा तार बांधणे म्हणजे अंगणावर मांजाच बांधण्यासारखे आहे, आणि संक्रांतीनंतर पंख कापलेल्या घारी आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. मंगळवारी वर्सोव्याच्या फेरीबोटीने पलीकडे जाऊन नागदेवी स्ट्रीटवरून ६ मिलिमीटर जाडीची नारिंगी हाय डेन्सिटी दोरी आणली. तिथल्या दोरवाल्यांबद्दल माझे मत फार चांगले आहे: त्यांनी काम काय आहे ते आधी विचारले आणि महागडी नायलॉन दोरी स्वतःहून बाजूला ठेवली. २८ दोऱ्या, प्रत्येकी १६ फूट, म्हणजे ४४८ फूट लागतील. त्यांपैकी दहा बुधवारी बांधून झाल्या. गुरुवारी आणि शुक्रवारी पहाटे हात लावून पाहिले, दोऱ्या दवाने भिजलेल्या होत्या आणि तरी ताठ होत्या. शुक्रवारी एक घार वलांडीवरून सरळ आमच्या अंगणाकडे उतरली, दोऱ्यांच्या वर आल्यावर शेपटी वळवून तिने दिशा बदलली आणि ती निघून गेली. एका प्रसंगावरून निष्कर्ष काढणे योग्य नाही हे मला कळते, पण मला झालेला आनंद मी लपवणार नाही.

पश्चिमेकडची बाजू अजून उघडी आहे. कुंपणाची भिंत पाच फूट आणि दोऱ्या साडेसात फुटांवर, म्हणजे मधली अडीच फुटांची फट तिरकी झेप घेणाऱ्या पक्ष्याला पुरेशी आहे. तिथे उभ्या दोऱ्या लावून त्यांवर मधुमालती चढवावी असे मी या नोंदीत लिहिणारच होते, पण हे लिहिता लिहिता एक सोपी गोष्ट सुचली. दोऱ्या आडव्या कशासाठी हव्यात? पडवीच्या वळचणीपासून, म्हणजे नऊ फुटांवरून, त्या थेट भिंतीच्या माथ्यावर पाच फुटांपर्यंत उतरत्या बांधल्या, तर फट उरतच नाही. भिंतीलगत फुलझाडांचा वाफा आहे, तिथे कोणी चालत नाही, त्यामुळे डोके लागण्याचा प्रश्न नाही. लांबी १४ फुटांवरून सुमारे साडेचौदा फूट होईल, आणि कापून ठेवलेल्या १६ फुटांच्या तुकड्यांत गाठींसाठी दीड फूट उरेल, ते पुरते. बांधलेल्या दहा दोऱ्या सोडाव्या लागतील आणि पश्चिमेकडचे पाइपही निरुपयोगी ठरतील, पण ती किंमत मी आनंदाने मोजेन. फाटकाकडच्या टोकाला जो त्रिकोण उरेल, तिथे बारीक विणीची हिरवी शेडनेट क्लिपांनी लावायची आणि मेअखेरीस उतरवून ठेवायची. १ जूनपासून मासेमारी बंद होते, वलांड्या रिकाम्या होतात आणि घारीही आमच्या गल्लीत क्वचितच दिसतात, त्यामुळे त्या दोन महिन्यांत तेवढी बाजू उघडी राहिली तरी चालेल.

बाकीच्या प्रयोगांविषयी थोडक्यात लिहिते. चकचकीत सीडींना घारी तीन दिवसांत सरावल्या आणि प्लॅस्टिकच्या घुबडावर कावळे बसू लागले, दोन्ही काढून टाकले. पाठीवर कडक कवच आणि काटे असलेले अंगरखे परदेशात मिळतात, पण मुंबईच्या दमट हवेत एवढ्याशा कुत्र्याला ते घालणे मला क्रूरपणाचे वाटते. अंगणात खाणे पूर्ण बंद करणे हा उपाय मात्र कोणत्याही जाळीपेक्षा किंवा दोरीपेक्षा मोलाचा ठरला आहे, आणि जानेवारीपासून बुंदीच्या तोंडात बाहेर एकही तुकडा गेलेला नाही.

अंगणाच्या मधोमध ठेवलेल्या बुटक्या बाकड्याचाही चांगला उपयोग झाला. घार जवळ आली की कावळे एका विशिष्ट घोगऱ्या आवाजात ओरडतात. बुधवारी मी दोरीला गाठ मारत असताना तो आवाज झाला, आणि मी वर बघण्याआधीच बुंदी कान मागे टाकून बाकड्याखाली शिरली होती. सावलीत तिचे फक्त नाक दिसत होते. कोणी शिकवले नसताना हे तिचे तिने जुळवले होते, आणि कावळे गप्प झाल्यावर तिने आधी एक पाय बाहेर टाकला, थोडी थांबली आणि मग बाहेर आली.

येत्या शनिवारी वळचणीला हुक बसवणार आहे आणि रविवारी सगळ्या दोऱ्या उतरत्या बांधणार आहे. माडावर अजून एक पिल्लू घरट्याच्या काठावर उभे राहून पंख झाडत असते. ते पहिल्यांदा उडेल त्याच्या आत जुनी जाळी अंगणातून पूर्णपणे निघालेली असली पाहिजे, म्हणून ती कापायला आज संध्याकाळीच सुरुवात करते आहे.