दिवाडीचे खाजन, ४×५ इंची फिल्म आणि ओली हवा: माझा अनुभव

गोव्यात मोठ्या फॉरमॅटच्या (४×५ इंची सुटी फिल्म वापरणाऱ्या) कॅमेऱ्याने कृष्णधवल निसर्गचित्रे काढायची म्हटली की पुस्तकांतला बराचसा सल्ला बाजूला ठेवावा लागतो. तो बहुधा थंड, कोरड्या हवेच्या प्रदेशांत लिहिलेला असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचे पाणी तीस अंशांच्या आसपास असते, पावसाळ्यात हवा भिजलेली असते आणि समोर जे पसरलेले असते ते बहुतांशी एकाच रंगाचे, हिरवे असते. दिवाडी बेटावरच्या खाजन शेतीचे (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल भातशेतीचे) एक चित्र फिल्मवर घेऊन, स्कॅन करून, १६×२० इंचांत छापून भिंतीवर लावेपर्यंत या तीन गोष्टींशी मला कसे जुळवून घ्यावे लागले, ते येथे मांडतो.

सर्वांत अवघड हा हिरवा रंगच. कोवळे भात डोळ्याला उजळ दिसते, पण पॅनक्रोमॅटिक (सगळे रंग टिपणाऱ्या) फिल्मला हिरवा रंग डोळ्यापेक्षा कमी जाणवतो. त्यामुळे शेत, बांधावरचे गवत आणि मागची खारफुटी ही तिन्ही एकाच मळकट करड्या छटेत मिसळतात. लाल किंवा नारिंगी फिल्टरने आभाळ नाट्यमय होते असे जो तो सांगतो; पण श्रावणातल्या ढगाळ आभाळात गडद करण्यासारखे निळे काही नसतेच, उलट पाने मात्र आणखी काळी पडतात. मी पिवळसर हिरवा फिल्टर वापरला. त्याला एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट प्रकाश द्यावा लागतो, पण कोवळे भात खारफुटीच्या जून पानांपासून सुटे होते, आणि मला तेवढेच हवे होते.

कॅमेरा मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) चिरेबंदी कठड्यापाशी लावला, कारण खाजनाच्या मातीच्या बांधावर तिपाईचे पाय हळूहळू रुततात. भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या या मानशीपासून भाताचा पट्टा दूरच्या माडांपर्यंत सपाट जातो, आणि अशा सपाटीसाठी लेन्सची पाटी पुढे झुकवण्याची सोय फार उपयोगी पडते. ऑस्ट्रियन लष्करी अधिकारी थिओडोर शाइम्पफ्लुग याच्या नावाने ओळखला जाणारा नियम येथे लागू होतो: लेन्स, फिल्म आणि स्पष्टतेचे प्रतल एकाच रेषेत मिळाले, की पायाजवळच्या ओंब्यांपासून क्षितिजापर्यंतचे शेत एकदम स्पष्ट येते. मात्र स्पष्टतेची ही पाचर कॅमेऱ्याजवळ अरुंद आणि दूरवर रुंद असते. दूरचे माड शेंड्यापर्यंत तिच्यात सहज मावतात, पण जवळ एखादे उंच झाड असले तर त्याचा शेंडा धूसर राहतो. जवळ झाड नाही अशी जागा मी मुद्दाम निवडली आणि लेन्सचे छिद्र लहान करत एफ/३२ वर थांबलो. त्यापुढे छिद्र लहान केल्यास विवर्तनाने, म्हणजे छिद्राच्या कडेशी प्रकाश पसरल्याने, एकूण चित्रच मऊ होते.

काळ्या कापडाखाली श्वासाने कॅमेऱ्यामागच्या, प्रतिमा पाहण्याच्या दुधी काचेवर बाष्प धरते. उलटी प्रतिमा पाहण्याची सवय होते, या बाष्पाची होत नाही. तोंडावर रुमाल बांधणे हा उपाय हास्यास्पद दिसतो, पण चालतो.

फिल्म इलफर्डची एफपी४ प्लस होती. स्पॉट मीटरने (एका लहान भागाचाच प्रकाश मोजणाऱ्या उपकरणाने) खारफुटीच्या सावलीचे माप घेतले आणि ती काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांच्या मोजपट्टीत तिसऱ्या झोनवर, तपशील दिसेल अशा गडद छटेवर ठेवली, म्हणजे मीटरने सांगितल्यापेक्षा दोन स्टॉप कमी प्रकाश दिला. फिल्टर धरून हिशेब चार सेकंदांचा आला; पण दीर्घ एक्स्पोजरमध्ये फिल्मची संवेदनशीलता घटते, आणि कंपनीने दिलेल्या सूत्रानुसार (मोजलेल्या वेळेचा १.२६ वा घात) ते जवळजवळ सहा सेकंद होतात. एवढा वेळ भात हलू नये म्हणून वारा पडण्याची वाट पाहत बसावे लागले. या कामात शिकण्यासारखे असे त्यात काही नाही, फक्त बसावे लागते.

डेव्हलपिंगसाठी वीस अंशांचा हट्ट मी धरत नाही. बर्फ घालून तापमान उतरवता येते, पण डेव्हलपर वीस अंशांवर आणि धुण्याचे पाणी अठ्ठावीसवर, अशा धक्क्याने फिल्मवरच्या जिलेटिनच्या थराला बारीक सुरकुत्या पडू शकतात. त्यापेक्षा सगळी द्रावणे आणि धुण्याचे पाणी चोवीस अंशांवर ठेवणे झेपते. आयडी-११ या डेव्हलपरमध्ये तितकेच पाणी मिसळले तर वीस अंशांना अकरा मिनिटे लागतात, चोवीसला साधारण आठ. शेवटचे खळबळणे डिस्टिल्ड पाण्यातच करावे, कारण पावसाळ्यात नळाला गढूळपणा येतो. वाळवणे हा खरा कसोटीचा भाग आहे: जिलेटिन बराच वेळ चिकट राहते आणि तेवढा वेळ धूळ ओढून घेते. न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ करून धूळ बसवावी, हा प्रसिद्ध सल्ला येथे निरर्थक आहे. वाफ आपल्याकडे आधीच आहे. मी एअर कंडिशनर चालवून दार बंद केलेल्या खोलीत निगेटिव्ह एका कोपऱ्याला चिमटा लावून टांगतो.

स्कॅनिंगबद्दल फार सांगण्यासारखे नाही, पण दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, स्कॅनरच्या खोक्यावरचा ६४०० चा (इंचाला इतके ठिपके) आकडा विसरावा. फ्लॅटबेड स्कॅनर प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याहून कमीच तपशील देतो. मी २४०० वर स्कॅन केले: ९६००×१२००० पिक्सेल, १६ बिटमध्ये सुमारे २३० एमबीची फाइल. १६×२० इंचांसाठी ती इंचाला ६०० पिक्सेल देते, म्हणजे गरजेपेक्षा जास्तच. दुसरी, दमट हवेत निगेटिव्ह मध्यभागी झुकते आणि तिची गुळगुळीत बाजू काचेला टेकली की न्यूटनची वलये, म्हणजे प्रकाशाची वर्तुळाकार रेषा, उमटतात. त्यावर खास खरखरीत काच घ्यावी लागते. धूळ आपोआप काढणारी इन्फ्रारेड सोय येथे कामाची नाही, कारण कृष्णधवल फिल्ममधली चांदी इन्फ्रारेड किरणही अडवते. त्यामुळे आभाळातला एकेक ठिपका हातानेच पुसावा लागला.

छपाई मुंबईतल्या एका स्टुडिओकडून करून घेतली. आधी त्यांच्याकडून कागदाचे प्रोफाइल (त्या कागदावर छटा कशा उमटतील हे सांगणारी फाइल) मागवले आणि खारफुटीच्या सावलीची एक पट्टी दोन कागदांवर छापून घेतली. मॅट कॉटन कागद हाताला सुरेख लागतो, पण त्यावरचा काळा रंग उथळ पडतो आणि खारफुटीची मुळे एकमेकांत मिसळतात. बरायटा या किंचित चकाकीच्या कागदावर ती सुटी दिसली, म्हणून तोच घेतला.

फ्रेम करणाऱ्याने काच थेट प्रिंटवर टेकवण्याची तयारी केली होती. ते मी करू दिले नाही. आपल्या हवेत काचेला टेकलेला प्रिंट पावसाळ्यात तिला चिकटतो आणि सोडवताना थर निघतो. चारही बाजूंनी आम्लरहित जाड पुठ्ठ्याची चौकट घालून अंतर ठेवले आणि फ्रेम भिंतीपासून किंचित सुटी राहावी म्हणून मागे कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून घेतले.