उद्योगांचा न्याय्य वाटा कशात मोजायचा?

एखादा देश हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटवण्याचे उद्दिष्ट जाहीर करतो, तेव्हा त्याची चर्चा होते; पण त्या घटीचा भार कोणी किती उचलायचा, हा प्रश्न बहुधा मागेच राहतो. समजा, देशाचे एकूण उत्सर्जन १०० टन आहे, त्यातले ५० टन उद्योगांचे आहे आणि एकूण ३० टनांची घट करायची आहे. उद्योगांनी त्यातले केवळ ६ टन कमी केले, तर उरलेले २४ टन घरे, वाहतूक आणि शेती यांच्या ५० टनांतून काढावे लागतात, म्हणजे त्यांच्या वाट्याला ४८ टक्के घट येते. उद्योगांना दिलेली सवलत अशी दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर चढते, आणि बहुतेक वेळा त्या माणसाला धोरण ठरवणाऱ्या बैठकीत जागाच नसते.

म्हणूनच 'उत्सर्जन तीव्रता' या मापाबद्दल मला गंभीर आक्षेप आहे. एक टन मालामागे किती वायू बाहेर पडला, एवढेच हे माप सांगते. तीव्रता १५ टक्क्यांनी घटली आणि त्याच काळात उत्पादन ३० टक्क्यांनी वाढले, तर एकूण उत्सर्जन साडेदहा टक्क्यांनी वाढते, तरीही अहवालात प्रगतीचीच नोंद होते. वातावरणावर परिणाम होतो तो एकूण टनांचा. (कारखान्यांनी विकत घेतलेल्या विजेचे उत्सर्जनही अनेकदा वीजक्षेत्राच्या नावे मांडले जाते, त्यामुळे उद्योगांचा वाटा कागदावर आणखी लहान दिसतो.)

सिमेंटची अडचण खरी आहे, हे मान्य केलेच पाहिजे. भट्टीत चुनखडी तापली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. एक टन शुद्ध चुनखडीमागे सुमारे ४४० किलो. भट्टीचे इंधन कितीही स्वच्छ केले तरी हा भाग शिल्लक राहतो. तो कमी करायचा, तर सिमेंटमध्ये क्लिंकरचे (भट्टीतून निघणाऱ्या, दळून सिमेंट बनवायच्या खड्यांचे) प्रमाण घटवणे, त्याऐवजी घट्ट बांधून ठेवणारे दुसरे पदार्थ वापरणे किंवा बाहेर पडणारा वायू पकडून साठवणे, असे मोजकेच मार्ग उरतात, आणि त्यांतला शेवटचा अत्यंत खर्चिक आहे. पोलादाच्या झोतभट्टीतही कोळसा केवळ उष्णतेसाठी नसतो. लोहखनिजातला ऑक्सिजन काढून घेण्याचे कामही त्याच्यापासून मिळणारा कोक करतो. अशा उद्योगांना अधिक मुदत द्यावी, हे मला पटते. परंतु अन्नप्रक्रिया, कापड किंवा कागद यांसारख्या उद्योगांतील अनेक प्रक्रियांना तुलनेने कमी तापमानाची उष्णता पुरते आणि ती विजेवर मिळवण्याची साधने आज उपलब्ध आहेत. सिमेंटच्या रसायनशास्त्राच्या आडून त्यांनीही मुदत मागावी, हे न्याय्य नाही.

कारखाने परदेशी जातील, ही भीतीही निराधार नाही. याच भीतीपोटी युरोपीय संघाने २००५ पासूनच्या उत्सर्जन व्यापारात (यात उत्सर्जनासाठी परवाने लागतात आणि त्यांची खरेदी-विक्री होते) उद्योगांना मोठ्या प्रमाणावर मोफत परवाने दिले. आता काही क्षेत्रांच्या आयात मालावर सीमेवरच कार्बन शुल्क लावून, त्या क्षेत्रांचे मोफत परवाने २०३४ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे तेथे ठरले आहे. स्वीडनने १९९१ मध्ये कार्बन कर आणला आणि १९९३ मध्ये उद्योगांचा दर सर्वसाधारण दराच्या एक चतुर्थांशावर आणला. संघाच्या उत्सर्जन व्यापाराबाहेरील उद्योगांना पूर्ण दर लागू होण्यासाठी २०१८ उजाडले. इतकी वर्षे हा फरक घरे आणि वाहने वापरणाऱ्यांनी सोसला. सवलत ज्या आदेशाने दिली जाते, त्याच आदेशात ती कोणत्या वर्षी संपेल आणि तोवर तेवढे टन कोणत्या क्षेत्राने कमी करायचे, हेही लिहिलेले असावे, एवढी माझी मागणी आहे.