पंप चांगला होता

सोलर पंपाच्या सर्व्हिसला आहे मी, पैठण-गंगापूर पट्टा. निम्म्या तक्रारी पॅनलवरच्या धुळीच्या नाहीतर उंदरानं कुरतडलेल्या केबलच्या. पण एप्रिलमधला एक कॉल अजून डोक्यातून जाईना.

गाव पुनर्वसित, जुनं जायकवाडी धरणात गेलं. १९६५ ला पायाभरणी झाली तेव्हा हे बाबा, ज्यांचा पंप ते, शाळेत होते म्हणे. बांधावर उभं राहिलं की नाथसागर, म्हणजे धरणाचं पाणी, चकाकताना दिसतो. तक्रार काय, तर पंप सारखा बंद पडतो, आणि ही तिसरी वेळ. आधीच्या दोघांनी कंट्रोलर रिसेट करून, फोटो टाकून तिकीट, म्हणजे ॲपवरची तक्रार, बंद केलेलं. आमच्यात दिवसाला तिकिटं किती बंद झाली तेवढंच बघतात, पंप चालला का ते कुणी विचारत नाही.

मी मुळापासून धरलं. ५ एचपीचा पंप, ५४० वॅटची ९ पॅनल एका सिरीजमध्ये. चालू लोडवर व्होल्टेज साडेतीनशेच्या वर, अर्थिंग ओके, पॅनलच्या वायरी जोडणारा एमसी४ कनेक्टर एकेक उघडून पाहिला, जळाल्याची खूण कुठंच नाही. मोटर सुरू केली तर धार अशी जोरात की बाबा हसायलाच लागले. अकरा मिनिटं. मग धार बारीक झाली, पाईप फुसफुसला, अँपिअर धपकन खाली आले आणि डिस्प्लेवर ड्राय रन, म्हणजे पाणी नाही म्हणून कंट्रोलरनं मोटर थांबवली. बोअरच कोरडा.

"ते ड्राय रन काढून टाक ना लेकरा, मग चालंल."

दोन मिनिटांचं काम आहे, सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं, आणि मग मोटर कोरडी फिरून जळते. नाही केलं. परत सुरू व्हायचा टायमर तेवढा ४५ मिनिटांवर नेला म्हणजे बोअरला जरा पाझरायला वेळ मिळेल.

चहा घेताना बाबा सांगत होते, पहिले लाईट रात्रीची, ती बी कधी यायची कधी नाही, इच्चू-काट्याचं जावं लागायचं. "आता सकाळी आठला चालू, दिवस बुडंस्तोर. बिल नाही काही नाही. सगळेच चालवायलेत." सगळेच म्हणजे त्या शिवारातले सोळा पंप, आणि सोळाही माझ्या हातचे.

मी हॉटेलवर नेहमी हिशोब सांगत असतो, धरणावरचं पैठणचं वीजघर १२ मेगावॉटचं, आपले असे अडीच हजार पंप बसले की पॅनलची बेरीज तेवढीच, आणि एकही गाव उठवावं लागत नाही. हिशोब चूक नाही, ऊन असेपर्यंतचा आहे पण बरोबर आहे. फक्त तो विजेचा आहे. पाणी कुठून यायचं ते त्यात मी कधी धरलंच नव्हतं, आणि त्या दिवशी समोर धरण दिसत असताना बाबांना तो सांगायला तोंड उघडेना. त्या पाण्यातून उपसा करायचा तर परवानगी लागते, ती बाबांकडं नाही.

ॲपमध्ये कारण टाकायला चारच पर्याय: पॅनल, कंट्रोलर, मोटर, केबल. पाचवा 'इतर'. तो टाकला, फोटो काढला, तिकीट बंद झालं.

सोमवारी त्याच शिवारात सतरावा पंप बसवायचाय, साडेसात एचपीचा. बाबांच्या शेजारच्याच वावरात.